दोन मंत्रांची जादूगारीण

"मला फक्त तासभर बसू द्या, मग बघा मी काय करते ते," ताई एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती खेळात. टेबलावर कागदाचा नकाशा पसरलेला होता, त्यावर बोटभर उंचीची रंगवलेली माणसं उभी होती आणि त्यांतली काळ्या झग्यातली बाई ताईची होती. त्या बाईकडे मंत्र दोनच. ते वापरून झाले की ती रिकामी. मग कुठंतरी तासभर निवांत टेकली की दोन्ही परत यायचे, असा नियमच होता. पण पुढं बंद दरवाजा, मागं पाठलाग आणि सोबत्यांना भलती घाई. ताईचं वाक्य ऐकून सगळे हसले, तीही हसली. पुढं कुणी कशाला उशीर लावला, की ते वाक्य तिच्या आवाजात म्हणून दाखवायची टेबलावर पद्धतच पडून गेली. तास मात्र तिला कुणी दिला नाही.

ताई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्री करायची. वाफेची इस्त्री, खाली पेडल. पेडल दाबलं की टेबल खालून हवा ओढून घेतं आणि कापड चामडीसारखं चिकटून बसतं. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. हा क्रम तिच्या अंगात इतका मुरला होता, की घरी बाबांना सदरा घालतानाही तिचा हात आधी कॉलरीकडे जायचा. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत वाफेचे डाग होते, नवे तांबूस, जुने चहाच्या रंगाचे. दुकानात एक स्टूल होतं, पण त्यावर तयार कपड्यांचे गठ्ठे असत. गठ्ठे उचलून बसावं असं तिला कधी वाटलं नाही की कुणी बसू दिलं नाही, हे धाकट्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत तो जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचा. कुठला नळ किती रुंद, कुठं चढ, कुठं झडप. कॉलेजात असताना त्याला या खेळाचं वेड लागलं आणि ते सुटलं नाही. या खेळात बाकीचे एकेक पात्र घेतात आणि एकजण उरलेलं सगळं होतो: पाऊस, दरोडेखोर, खानावळीचा मालक, राक्षस आणि न्यायाधीशही. तो एकजण म्हणजे धाकटा. कचेरीत त्याला कुणी काही विचारत नसे. टेबलाशी बसला की जग त्याच्या तोंडून चालायचं.

बाबांना झटका आला त्या सुमारास तो, त्याची बायको आणि चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा त्यांचा मित्र असे तिघं खेळत होते. त्या मित्राला सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण नियमांच्या पुस्तकातल्या स्वल्पविरामावरून तो अर्धी दुपार भांडू शकायचा. झटक्यानं बाबांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हातात चमचा धरून ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायचे. पाणी हवंय, कूस बदलायचीय, की नुसतंच कुणी आहे का, हे ताईला आवाजावरून कळायचं. दुसऱ्या कुणाला कळत नसे. ताईनं लग्न केलं नव्हतं आणि ती पहिल्यापासून त्याच घरात होती, म्हणून बाबांचं सगळं तिच्याकडे आलं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. उतारावरून पाणी जातं तसं ते तिच्याकडे गेलं.

धाकट्याला याची टोचणी होती. म्हणून त्यानं रविवारचा खेळ ताईच्या घरी हलवला. बाबांनाही भेटणं होईल, ताईलाही सोबत होईल. ताई म्हणाली, माझ्याच टेबलावर खेळणार, माझाच चहा पिणार, तर मी काय भिंतीकडे बघत बसू? मग तिला पात्र निवडायला पुस्तक दिलं. वकिलाचा जादूगार पोथ्या वाचून शिकलेला, त्याच्याकडे मंत्रांचं अख्खं कपाट. ती पानं उलटून ताईनं पुस्तक बाजूला सारलं. तिनं निवडली ती कुणा काळोखातल्या शक्तीशी करार करून जादू मिळवलेली बाई. "दोनच मंत्र? मग हीच दे. याहून जास्त माझ्या डोक्यात राहत नाही."

आणि ती खेळली अशी, की वकिलाचंही तोंड बंद झालं. भीडभाड म्हणून नाही. राक्षस दिसला की बाकीचे कुजबुजत बसायचे, ताई सरळ फासा टाकायची. रविवारी तिचा आवाजसुद्धा वेगळा यायचा, थोडा वरचा, थोडा आगाऊ. धाकट्याला तो लहानपणचा ओळखीचा होता. मधली कितीतरी वर्षं तो कुठं गेला होता कुणास ठाऊक.

पण खेळात एक खोट होती, आणि ती नियमातलीच होती. वकिलाच्या जादूगाराला सगळे मंत्र परत मिळायला रात्रभराची झोप लागायची. ताईच्या बाईला एक तास पुरायचा. पुस्तक लिहिणाऱ्यांनी धरून चाललं होतं, की माणसं दिवसभर लढतील, मध्येमध्ये घटकाभर टेकतील आणि रात्री झोपतील. टेबलावर तसं घडत नव्हतं. वकील पहिल्याच झटापटीत कपाट रिकामं करायचा, आग, वीज, गारा, सगळं. धूर खाली बसायच्या आत म्हणायचा, चला, तंबू ठोका. मग सगळे भर दुपारी झोपायचे. झोपून उठल्यावर तो पुन्हा कुबेर, आणि ताईजवळ तेच दोन. तिचा तासाचा फायदा त्या झोपेत विरघळून जायचा. धाकट्याच्या बायकोचा तलवारबाज तर न थकणारा, पण शत्रू त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत जळून खाक झालेले असायचे. ती बालवाडीत शिकवायची. म्हणायची, इथंही मी रांग लावून उभीच.

यावर धाकट्यानं गोष्टीलाच घाई लावली. कैदी सूर्यास्ताला मारला जाणार, पूर वाढत चाललाय. आता दुपारची झोप शक्य नव्हती. पण झोपेला वेळ नाही, तर तासाला तरी कुठला? ताई म्हणायची, जरा टेकते, तर वकील म्हणायचा, ताई, तोवर कैद्याचं मुंडकं उडेल. मग ताई पहिल्या दोन पाळ्यांत आपलं सगळं देऊन टाकायची आणि नंतर दर पाळीला हातातून एक फुटकळ ठिणगी सोडत राहायची. ठिणगीला मंत्र लागत नाही. फासा टाकायचा, आकडा सांगायचा, पुढच्याकडे बघायचं. हळूहळू फासा टाकताना ती बिस्किटांच्या बशीकडे बघायला लागली.

एका रविवारी चहाच्या वेळी धाकटा कप न्यायला स्वयंपाकघरात गेला. ताई ओट्याला टेकून उभ्या उभ्या पावाचा तुकडा खात होती. ती शांतपणे म्हणाली, "छोट्या, हा महिना खेळते. मग तुमचं तुम्ही दुसरीकडे बघा."

त्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही रे, कंटाळा आला. कप त्याच्या हातात दिले, एकाचा कान तुटलेला होता तो स्वतःसाठी ठेवला, आणि चमचा वाजला म्हणून बाबांकडे गेली.

धाकटा कप घेऊन तिथंच उभा राहिला. त्याला एकदम लख्ख कळलं होतं ते असं: खेळ इथून गेला, की रविवारही गेला. तो आधी दर आठवड्याला येईल, मग सवडीनं येईल, मग फोन करील. स्वतःला तो एवढा तरी ओळखून होता. बाबा, ही खोली आणि तो आगाऊ आवाज, सगळं एका दोरीवर लोंबकळत होतं, आणि ती दोरी म्हणजे काळ्या झग्यातली एक बोटभर बाई. ताई टेबलाशी राहिली पाहिजे. बाकी काही त्याच्या हातात नव्हतं, खेळाचे नियम तेवढे होते.

मग तो नियमांना भिडला. आधी त्यानं झोपेत दरोडेखोर घातले. तंबू ठोकला की हल्ला. वकिलाची झोप मोडली, पण सगळ्यांचीच मोडली. तीन लढायांनंतर सगळी पात्रं जागरणानं लडखडायला लागली आणि बायकोनं घरी जाताना बसमध्ये विचारलं, तुला आमचा राग आलाय का? पुढच्या वेळी त्यानं जाहीर केलं, की आजपासून पुरती झोप म्हणजे आठवडाभराचा मुक्काम, आणि छोटी विश्रांती म्हणजे एक रात्र. वकील त्या दिवशी पेटला. पुस्तक काढून, चष्मा कपाळावर चढवून तो बोलत राहिला. त्याचं म्हणणं, हे म्हणजे खानावळीत बसवून पाणी पाजून उठवणं. मग त्यानं मंत्र वापरणंच सोडून दिलं, कंजुषासारखे छातीशी धरून बसला. ताईचा तास तेवढा रात्रभराचा झाला. ती म्हणाली, म्हणजे माझंच लांबलं की. आणि उठून चहा ठेवायला गेली.

कचेरीत नकाशापुढं बसला, की धाकट्याला तेच दिसायचं. वरच्या वस्तीत दाब वाढवला की खालच्या गल्लीतले नळ फुसफुसतात. खाली झडप उघडली की वर कोरडं. पाणी तेवढंच असतं. नकाशा कितीही सुबक काढा.

मग त्याला सुचलं, आणि सुचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. नियम सगळ्यांसाठी बदलायचाच कशाला? फक्त ताईसाठी बदलायचा. गोष्टीत त्यानं एक विहीर आणली. विहिरीतून तिच्या करारातली ती काळोखी शक्ती बोलली, आणि प्रसन्न होऊन तिनं वर दिला: आजपासून तुला तास नको. पाच मिनिटं भिंतीला टेकलीस तरी दोन्ही मंत्र परत.

"पाच मिनिटं?" ताई म्हणाली. "एवढ्यात तर माझी इस्त्रीसुद्धा तापत नाही."

पण तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्या रविवारी आणि पुढच्याही रविवारी ती अशी खेळली, की धाकट्याला आपणच तिला जन्म दिला असं वाटायला लागलं. तिनं पूल पाडला, दगडी पहारेकऱ्याला पाण्यात बुडवलं, आणि पळणाऱ्या सरदाराला उंबऱ्यावर गाठून ती एवढी मोठ्यानं हसली, की आतून बाबांनी चमचा वाजवला. त्या वाजवण्यात पाणी नव्हतं, कूस नव्हती. ताई म्हणाली, बाबा विचारतायत काय झालं म्हणून. ती आत जाऊन त्यांना सगळं सांगून आली. महिना कधी संपला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, आणि ताई काही बोलली नाही. धाकटा घरी जाताना बसमध्ये शीळ घालत होता.

पुढचं झालं ते कुणी मुद्दाम केलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वकिलानं सहज हिशोब मांडला, की माझे मंत्र झोपेशिवाय येत नाहीत, ताईंचे पाच मिनिटांत येतात, तर माझे जाळायचे कशाला? ते राखीव ठेवू. धाकट्याच्या बायकोनंही तिच्या परीनं जीव लावला. म्हणायची, "ताई, तुम्ही जरा टेका, दार मी धरते." ती दार धरायची, ताई टेकायची, पाच मिनिटं संपायची आणि सगळे तिच्याकडे बघायचे. मग पुढचा दरवाजा. पुन्हा टेका, पुन्हा उठा. वकील शिशाची पेन्सिल दातात धरून मागं रेलून बसायचा आणि कौतुकानं म्हणायचा, आपल्याला काय काळजी, ताई आहेत ना.

लढाई आता तिचीच होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फासे टाकताना ती उभी राहायला लागली. बसून हात पोचत नाही म्हणायची. टेकल्याची पाच मिनिटं धाकटा आकडे म्हणत मोजायचा, तेवढ्यात ती चहा गाळायची, कारण खरोखर बसून राहण्यात काही अर्थ नव्हता. आगाऊ आवाज कधी गेला ते त्याला सांगता आलं नसतं. एका रविवारी तो होता, पुढच्या रविवारी तिथं इस्त्रीच्या दुकानातली बाई उभी होती, पुढचा कपडा घ्या म्हणत.

धाकट्याला ते दिसत होतं. पण दिलेलं काढून कसं घ्यायचं? काढून घेणं म्हणजे ताईला सगळ्यांसमोर सांगणं, की तुला फार झालं. आणि ठेवलं तर हे असं. त्यानं वकिलाला बाजूला घेऊन विनवलं, तू पण थोडं वापर की. वकील म्हणाला, मी काय मूर्ख आहे? नियम तूच केलास. तो खरंच बोलत होता. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ताईंना मजा येतेय, तू उगाच काहीतरी शोधत बसतोस. धाकटा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या राक्षस बदलून बघायचा, जादूला दाद न देणारे राक्षस, फक्त वकिलावर धावून जाणारे राक्षस. सगळ्या वाटा फिरून त्याच भिंतीपाशी यायच्या. त्यानं हात टेकले, पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण त्या टेबलावर सगळं चालवणारा तोच होता.

त्या रविवारी किल्ल्याचा शेवटचा दरवाजा होता. दुपारचं ऊन टेबलावरून नकाशाच्या कडेपर्यंत सरकलं होतं. ताई सकाळी दुकानात जाऊन आली होती. कुठल्याशा मोठ्या हॉटेलचे गणवेश आले होते, सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं. डाव्या हाताला मलम लावलं होतं आणि त्यावर काही बांधलेलं नव्हतं. धाकट्यानं ते पाहिलं, विचारीन म्हणाला, आणि खेळ सुरू झाला.

दरवाजातून राखेची माणसं आली. ताईनं पहिला मंत्र टाकला, दुसरा टाकला. निम्मी राख झाली. वकिलाच्या जादूगाराकडे सकाळपासूनचं अख्खं कपाट भरलेलं होतं. धाकट्यानं उरलेली सगळी राखेची माणसं त्याच्यावर सोडली. मुद्दाम सोडली, आता तरी काढेल. वकिलानं नकाशाकडे पाहिलं, पेन्सिल दातातून काढली आणि म्हणाला, आम्ही मागच्या खोलीत सरकतो, दार लावतो. वहिनी दार धरतील. ताईंना पाच मिनिटं द्या.

बायको म्हणाली, मी धरते.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी होती. तेवढ्यात आत चमचा वाजला.

कुणी हललं नाही. बायको दाराशी खिळलेली, म्हणजे खेळातल्या दाराशी. वकील आपला कागद बघत होता. धाकट्याच्या मनात आलं, आपण उठावं. त्याच्या पायांना ते कळलंही. पण राखेची माणसं दारावर धडका देत होती, त्यांची पाळी होती, आणि त्यांचा फासा त्याच्या मुठीत होता. चमचा पुन्हा वाजला. धाकट्यानं नकाशावरून नजर न काढता, अगदी मायेनं, दोन्ही बाजू सांभाळल्याच्या समाधानानं म्हटलं:

"ताई, तू बाबांना बघून ये ना. तेवढ्यात तुझी पाच मिनिटं मी धरतो. विश्रांतीही होऊन जाईल."

वाक्य तोंडातून सुटलं आणि त्याला ते ऐकू आलं. त्यानं मान वर केली. वकील म्हणत होता, चालेल, नियमात बसतं. बायकोनं पहिल्यांदाच नवऱ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

ताई आत गेली. मधलं दार उघडंच होतं. त्यांना पलंगाची कुरकुर ऐकू आली, उशी थोपटल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. ती बाबांशी काहीतरी हळू बोलली, ते कळलं नाही. मग कपाट उघडल्याचा आवाज आला. धाकटा मुठीतला फासा दाबत राहिला. काय म्हणावं ते त्यानं जुळवून पाहिलं: मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तसंच म्हणायचं होतं. मी जातो बाबांकडे. पण ती गेली होती, आणि चमच्याच्या आवाजातलं त्याला काही कळत नव्हतं. हा वर आता रद्द. म्हणजे पुन्हा तास, जो कुणी देत नाही. प्रत्येक वाक्य त्यानं उचलून बघितलं आणि खाली ठेवलं.

ताई बाहेर आली. तिनं घरातला गाऊन बदलला होता, साधी साडी नेसली होती आणि केस बांधले होते. मलम लावलेल्या हातावर रुमाल होता. ती टेबलापाशी आली तेव्हा धाकट्याला वाटलं, बसणार. तिनं फक्त खुर्ची आत सारली, म्हणजे जायला वाट होईल.

"आले ना दोन्ही?" वकिलानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रस्त्यात अनोळखी माणसानं पत्ता विचारावा आणि तो आपल्यालाही माहीत नसावा, तसं. धाकटा उठून उभा राहिला. "ताई," तो म्हणाला. ती बाजूनं गेली. दाराशी भिंतीला हात लावून तिनं एक चप्पल पायात सरकवली, मग दुसरी, घाई न करता. कडी काढली आणि ती बाहेर पडली.